वीस तासांचा हिशेब

दिवाळीच्या अंकात कर्जाची गोष्ट काढणे हा अरसिकपणा आहे, हे मला मान्य आहे. चकली मोडता मोडता माणसाला काही हलकेफुलके वाचावेसे वाटते. पण वाचकहो, वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत ह्या दिवाळीत फराळाच्या ताटाशेजारीच एक जाडजूड फाईल ठेवलेली आहे. मुलगा किंवा मुलगी पुढच्या सत्राला अमेरिकेला, कॅनडाला, नाहीतर जर्मनीला जायची आहे. आल्यागेल्या पाहुण्याला ती फाईल दाखवली जाते; पाहुणा ती हातात धरून, न वाचता, 'वा!' म्हणतो आणि करंजी उचलतो. त्या फाईलमध्ये काय लिहिले आहे ते पाहुण्याने वाचले नाही, ठीक आहे. ते बापानेही वाचलेले नसते, ही माझी तक्रार आहे. तेव्हा हा विषय फराळाच्या वेळचाच आहे असे मी समजतो.

माझे म्हणणे असे. परदेशात शिकणाऱ्या मुलाला तिथले सरकार काम करण्याची जी मुभा देते, ती शिक्षणाला बांधलेली, तासांत आणि दिवसांत मोजून दिलेली आणि सरकारच्या लहरीप्रमाणे आवरती घेता येणारी मुभा आहे. ती मजुरी नव्हे. कर्ज फेडण्याचे साधन तर मुळीच नव्हे. आणि अमरावती-अकोल्याच्या बाजारात मात्र ती नेमकी तशीच विकली जात आहे. विकणारे विकतात, बँका पाहतात, कॉलेजे मिरवतात, सरकार गप्प बसते, आणि सही मात्र बाप करतो.

इंटर्नशिप हा शब्द आता आपल्या घराघरांत आला आहे. आपला जुना शब्द उमेदवारी. सुताराच्या, सोनाराच्या, वकिलाच्या हाताखाली पोरगा दोन-तीन वर्षे उमेदवारी करी. मालक चहापाण्याला चार पैसे देई, कधी देतही नसे. पण त्या चार पैशांवर भरवसा ठेवून कोणा बापाने सावकाराचा उंबरठा झिजवल्याचे मी ऐकलेले नाही. उमेदवारी म्हणजे शिकणे, हे त्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या बापाला ठाऊक होते. आज मुलगा इंजिनियर, सून बी.एस्सी., घरात प्रत्येकाच्या हातात फोन. आणि उमेदवारीच्या पगारावर चाळीस लाखांचे कर्ज!

माझा पेशा मास्तरकीचा असल्यामुळे गावचे लोक कागद घेऊन माझ्याकडे येतात. एका गृहस्थांनी असाच एक कागद आणला. छापील, गुळगुळीत, वर विमानाचे चित्र. आत हिशेब मांडला होता: तासाला १५ डॉलर, आठवड्याला ४० तास, म्हणजे महिन्याचे २,४०० डॉलर. डॉलर पंच्याऐंशीचा धरला तरी दोन लाखांवर रुपये. खाली ठळक अक्षरांत 'शिकता शिकता कमवा'. गृहस्थ म्हणाले, "मास्तर, पोरगं तिकडं शिकता शिकता कमावते म्हंते. दोन वर्सांत कर्जा फिटते. आता आमाले सही करा लागते, म्हून तुमाले इचारा लागलो."

मी म्हटले, "दादा, हे चाळीस तास कुठून आले?"

"दुकानवाल्यानं सांगतलं ना बाप्पा!"

माझे इंग्रजी मॅट्रिकपुरतेच. पण 'ट्वेंटी अवर्स' एवढे वाचायला ते पुरते. अमेरिकेचा नियम उघड छापलेला आहे. विद्यार्थ्याच्या एफ-१ व्हिसावर गेलेल्या मुलाला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, आणि तेही विद्यापीठाच्या आवारातच काम करता येते. ग्रंथालयात पुस्तके लावा, भोजनगृहात भांडी विसळा, प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत हात द्या. आवाराबाहेर, कोपऱ्यावरच्या पेट्रोलपंपावर किंवा कोणा देशबांधवाच्या खाणावळीत परवानगीवाचून पाऊल टाकले की व्हिसाची अट मोडली. आता त्या कागदावरचा हिशेब पुन्हा करा. चाळीसाचे वीस झाले, म्हणजे निम्मा हिशेब तिथेच कोसळला. उरलेल्या निम्म्यातही आवारातल्या नोकऱ्या थोड्या आणि मागणारे फार. तासाचे १५ डॉलर मिळतीलच असे नाही. आणि घरभाडे, भाजी, विमा ह्यांचा खर्च त्या गुळगुळीत कागदावर कुठे औषधालासुद्धा नव्हता.

तिथल्या उमेदवारीच्या परवानगीचे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींची नावे आपल्याकडे मंत्रासारखी म्हटली जातात: सीपीटी आणि ओपीटी. मंत्राचा अर्थ मात्र भटजीला विचारायची सोय नाही, कारण इथे भटजीच दुकानदार आहे. म्हणून मीच सांगतो.

सीपीटी ही शिकत असतानाची उमेदवारी. ती अभ्यासक्रमाचाच भाग असावी लागते. विद्यापीठाचा अधिकारी मुलाच्या आय-२० नावाच्या कागदावर तशी नोंद करतो तेव्हाच ती वैध. सर्वसाधारण नियम असा, की आधी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष शिकून झाले पाहिजे. पदव्युत्तर अभ्यासक्रमातच सुरुवातीपासून उमेदवारी आवश्यक असेल तेवढाच अपवाद. आणि सीपीटी पूर्णवेळ बारा महिने केली, तर त्या पदवीपुरता पुढचा ओपीटीचा हक्क बुडाला. हे शेवटचे वाक्य ज्या बापाला दुकानात कोणी सांगितले असेल, त्याने मला एक पत्र टाकावे. मी त्या दुकानदाराला शाल-श्रीफळ देईन.

ओपीटी ही पदवी झाल्यावरची. बारा महिन्यांची, आणि आपण शिकलो त्याच विषयातली. विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनियरिंग, गणित ह्या विषयांच्या पदवीधराला आणखी चोवीस महिने वाढवून मिळू शकतात. ही चोवीस महिन्यांची वाढ २०१६ पासूनची. त्याआधी, २००८ पासून, ती सतरा महिन्यांची होती. तिलाही अटी आहेत: मालक सरकारी पडताळणीच्या यादीत नोंदलेला हवा, त्याने शिकवणुकीचा आराखडा लिहून द्यायला हवा. आणि सर्वांत महत्त्वाची अट अशी, की पहिल्या बारा महिन्यांत बेकारीचे दिवस एकूण ९० हून अधिक होता कामा नयेत. वाढीव मुदत मिळाली तर आणखी ६०. त्या पलीकडे पोरगा बेकार राहिला, की त्याचा त्या देशात राहण्याचा आधारच गेला. इथे बापाच्या कर्जाचे हप्ते सुरू होण्याची वेळ आणि तिथे मुलाचे नव्वद दिवस संपण्याची वेळ, ह्या दोन घड्याळांची टिकटिक एकाच वेळी ऐकावी लागते, आणि दुकानात दोन्हींचा आवाज बंद करून ठेवलेला असतो.

२०२३-२४ साली अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. चीनला मागे टाकून आपण त्या वर्षी पहिले आलो, म्हणून वर्तमानपत्रांनी पेढे वाटल्याच्या थाटात मथळे दिले. त्यांपैकी ९७,५५६ जण ओपीटीवर होते. म्हणजे दर दहांतले जवळजवळ तीन जण वर्गात नव्हे, तर ह्या उमेदवारीच्या परवान्यावर दिवस मोजत होते. ती मुले हुशार आहेत, कष्टाळू आहेत. त्यांच्याबद्दल माझा एक अक्षराने आक्षेप नाही. पण एवढी मोठी संख्या ज्या कागदावर उभी आहे तो कागद त्यांच्या आईबापांच्या भाषेत कुठेही मिळत नाही, ह्याची लाज कोणाला वाटावी?

आता कोणी म्हणेल, "मास्तर, नियम असतात, पण सगळेच थोडेफार इकडेतिकडे करतात. कोणाचे काय बिघडले?" कोणाचे बिघडले ते ऐका.

कॅलिफोर्नियातल्या प्लेझंटन गावी ट्राय-व्हॅली नावाचे एक विद्यापीठ होते. २०११ च्या जानेवारीत त्याच्यावर धाड पडली. तिथे शिक्षणाचे नाव आणि कामाच्या परवान्याचा व्यापार चालला होता. विद्यार्थी बहुतेक भारतीय, त्यांत आंध्रातले फार. त्यांतल्या काहींच्या पायांत, जंगली जनावराचा माग काढायला बांधतात तशी, रेडिओची कडी अडकवण्यात आली. चालविणाऱ्या बाईला २०१४ साली सोळा वर्षांहून अधिक कैद झाली. पण पोरांची वर्षे आणि बापांचे पैसे त्यामुळे परत आले नाहीत.

बरे, त्यावरून आपण शहाणे झालो? आठच वर्षांनी, २०१९ च्या जानेवारीत, मिशिगन राज्यातल्या फार्मिंग्टन विद्यापीठाचे बिंग फुटले. हे विद्यापीठ मुळात अस्तित्वातच नव्हते. अमेरिकेच्या सरकारी अधिकाऱ्यांनीच ते जाळे म्हणून मांडले होते. वर्ग नाहीत, प्राध्यापक नाहीत. वर्षाकाठी बारा हजार डॉलरांच्या आसपास फी, आणि तिच्या बदल्यात पहिल्या दिवसापासून सीपीटी. पकडलेल्या १३० विद्यार्थ्यांत १२९ भारतीय होते. आपल्या परराष्ट्र खात्याने निषेधाचा खलिता दिला. सरकारने खोटे विद्यापीठ काढून खरी फी घ्यावी, हा कुठला न्याय, असे कोणीही विचारील, मीही विचारतो. फी परत मिळावी म्हणून एका विद्यार्थ्याने लावलेला दावा २०२४ साली तिथल्या अपील न्यायालयाने पुन्हा उभा करू दिला, म्हणजे हा प्रश्न तिथल्या न्यायाधीशांनाही अगदीच वेडगळ वाटलेला नाही. पण मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक बोचते. ते जाळे विणताना अमिष कोणते लावायचे, हे त्या अधिकाऱ्यांना नेमके ठाऊक होते. ग्रंथालयाचे अमिष लावले नाही, नामवंत प्राध्यापकाचे लावले नाही. 'पहिल्या दिवसापासून काम' एवढेच लावले. आणि माशांची रांग लागली. आजही आपल्या शहरांत 'डे वन सीपीटी' हे शब्द गुणवत्तेचा शिक्का असल्यासारखे उच्चारले जातात. असा कार्यक्रम प्रत्येक वेळी खोटाच असतो असे नाही; पण पहिल्या दिवसापासून पूर्णवेळ काम करायचे तर शिकायचे केव्हा, हा प्रश्न विचारायला अमेरिकेचा कायदा वाचावा लागत नाही.

अमेरिका सोडून बाकीचे देश तरी स्थिर आहेत, असेही नाही. विलायतेने शिक्षणानंतर काम करण्याची मुभा २०१२ साली बंद केली, २०२१ साली दोन वर्षांची करून पुन्हा सुरू केली, आणि २०२७ च्या जानेवारीपासून अर्ज करणाऱ्यांना ती अठरा महिन्यांवर आणण्याचे ठरविले. कॅनडाने २०२२ च्या नोव्हेंबरात तासांची मर्यादा उठवली. मुलांनी दिवसाला दोन-दोन पाळ्या केल्या. २०२४ च्या एप्रिलअखेर ती सवलत संपली, आणि त्या वर्षी ८ नोव्हेंबरपासून आठवड्याला २४ तास ठरले. ज्या बापाने २०२३ साली कॅनडाचा हिशेब मांडला त्याचा हिशेब वर्षभरात शिळा झाला. जर्मनीत शिक्षण बहुतेक सरकारी विद्यापीठांत जवळजवळ फुकट, हे खरे. पण वर्षाचे ११,९०४ युरो आधी बंद खात्यात दाखवा, ही २०२४ च्या सप्टेंबरपासूनची रक्कम. काम वर्षाला १४० पूर्ण दिवस. आणि त्यातही गंमत अशी: अभ्यासक्रमाने सक्तीची केलेली उमेदवारी त्या १४० दिवसांत धरत नाहीत, स्वखुशीने केलेली मात्र धरतात. शब्द एकच, 'इंटर्नशिप'; एक दिवस खाते, दुसरी खात नाही.

हे देश साधुसंत आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. आमच्या पोरांची फी त्यांना हवी, त्यांचे स्वस्त तास हवे, आणि निवडणुका आल्या की तीच पोरे नको. २०२५ च्या वसंतात अमेरिकेने हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी एकाएकी रद्द केल्या. काहींचा अपराध वाहतुकीचा नियम मोडण्याएवढाच होता. कोर्टकचेऱ्या झाल्या तेव्हा एप्रिलअखेर त्या नोंदी पुन्हा जागेवर आल्या. मग सप्टेंबरात एच-१बी ह्या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार बसला, आणि वऱ्हाडातसुद्धा घरांघरांतून त्या रात्री कोणाला झोप आली नाही. महिन्याभराने खुलासा निघाला, की तिथेच शिकून व्हिसा बदलून घेणाऱ्याला तो आकार लागू नाही. पण त्या महिन्याभरात किती आईबापांचे रक्त आटले असेल! घर दुसऱ्याचे आहे. घड्याळ त्याचे, कुलूप त्याचे. मग त्या घरातल्या तासांवर आपले शेत कसे लावायचे?

शेताचा विषय निघालाच आहे, तर तोही पाहू. आपल्या बँकांच्या ठरीव योजनेप्रमाणे साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागते. वऱ्हाडच्या शेतकऱ्याजवळ तारण म्हणजे शेत. पण २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. कर्ज थकले तरी त्या कायद्याखाली बँकेला शेतावर हात टाकता येत नाही. साहजिकच शैक्षणिक कर्जाला शेत तारण घ्यायला बँका नाखूश असतात. शेतकऱ्याच्या रक्षणासाठी ठेवलेली तरतूद अशी उलटी फिरते: शेत गहाण पडत नाही, विकले जाते. किंवा शहरातले घर जाते, किंवा आईच्या पाटल्या जातात, किंवा विनातारण देणाऱ्या कंपनीचे चढे व्याज गळ्यात पडते.

समजा, चाळीस लाख घेतले, व्याज ११ टक्के. वर्षाचे नुसते सरळ व्याज चार लाख चाळीस हजार. २०२५-२६ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे त्या एका वर्षाच्या व्याजासाठी साडेब्याऐंशी क्विंटल सोयाबीन पाहिजे. एकरी सहा-सात क्विंटल झाले, म्हणजे पाऊस बरा, यलो मोझॅक नाही, तर बारा-तेरा एकरांचे सबंध पीक; बियाणे, खत, फवारणी, मजुरी काहीही वजा न करता; आणि बाजारात हमीभाव मिळाला तर! कोणे एके काळी 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' म्हणत. ती कुऱ्हाड आता कोणाच्या पायावर पडते आहे ते पाहा.

ह्यावर दुकानदाराचे उत्तर तयार असते: अभ्यासक्रम संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नाही. बरोबर, हप्ता नाही, पण व्याज चालूच असते. आणि ते संपलेले वर्ष म्हणजेच ते नव्वद दिवसांचे वर्ष.

दुकानदाराचे एक कळत नाही. सल्ला फुकट, चहा फुकट, अर्ज भरणे फुकट; मग एवढ्या काचेच्या दुकानाचे भाडे कोण भरते? अनेक परदेशी विद्यापीठे पाठवलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे दलाली देतात, हे त्या धंद्यातले उघड गुपित आहे. दलाली वाईट नव्हे. बैलबाजारातला दलालही रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवतो. पण बैल घेणाऱ्याला तो दलाल आहे हे ठाऊक असते, आणि बैलाचे दात तो स्वतः पाहतो. इथे दलालाला 'सल्लागार' म्हणतात, आणि दात पाहायला कोणी मागत नाही. आखातात मजूर पाठवणाऱ्याला १९८३ च्या परदेशगमन कायद्याखाली सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. चाळीस लाखांचा विद्यार्थी पाठवणाऱ्याला त्या कायद्याखाली लागत नाही. पंजाबने २०१२ साली कायदा करून अशा दुकानांना परवाना सक्तीचा केला. त्याने तिथली फसवणूक थांबली असे नाही, पण पोलिसांत जाणाऱ्या बापाच्या हाती निदान एक कलम आले. महाराष्ट्राने तेवढे तरी करावे.

डॉक्टरकीला बाहेर गेलेल्यांची कथा निराळी, पण उमेदवारीचीच. तिथे परक्या सरकारला बोल लावायचीही सोय नाही. १८ नोव्हेंबर २०२१ च्या आपल्याच नियमाप्रमाणे परदेशी अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची उमेदवारी हवी, आणि परत आल्यावर परीक्षा देऊन इथे पुन्हा १२ महिन्यांची. त्या दुसऱ्या उमेदवारीसाठी प्रत्येक मेडिकल कॉलेजात साडेसात टक्क्यांपर्यंतच जागा. म्हणून अकोल्याच्या सरकारी कॉलेजपासून मुंबईपर्यंत रांगा. रुग्णाची काळजी म्हणून नियम कडक असावा, हे मला पटते. पण 'सहा वर्षांत डॉक्टर' अशी पाटी लावणाऱ्याला कोणी विचारीत नाही, की बाबा, ही सहा कशी मोजलीस?

माझ्यावर एक आक्षेप येणार, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. "मास्तर, तुम्ही गरिबाच्या पोराला घाबरवता. श्रीमंतांची मुले जातीलच. तुमचे लेख वाचून आमचीच घरी राहतील." हा आक्षेप करणाऱ्याचे मन चांगले आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. पापळसारख्या खेड्यातून पंजाबराव देशमुख १९२० साली विलायतेला गेले, बॅरिस्टर आणि डॉक्टरेट होऊन आले, आणि १९३२ साली अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था काढली. त्यांच्या वेळी तासांचा हिशेब नव्हता. ब्रिटिश साम्राज्याच्या प्रजाजनाला विलायतेत कामाचा परवानाच लागत नसे, तो निर्बंध १९६२ साली आला. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. त्यांना मात्र अटी होत्या: मुदत ठरलेली, पुढे दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. १९१७ साली मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा सोडून परतावे लागले. पण निघताना त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली, आणि १९२० साली तिचा उपयोग केला. त्यांच्याइतकी गरिबी आणि त्यांच्याइतका अपमान आज कोणाच्या वाट्याला आहे? त्यांनी अट वाचली, लक्षात ठेवली आणि वापरली. गरिबाच्या पोराला अट ठाऊक असणे हे श्रीमंताच्या पोराहून जास्त गरजेचे आहे. श्रीमंताचे नव्वद दिवस संपले तर तो विमानात बसून घरी येतो; गरिबाचे संपले तर घरच उरलेले नसते. जरूर पाठवा. पण शिक्षणाच्या किमतीवर पाठवा, मजुरीच्या आशेवर पाठवू नका. मुलाने तिथे एक डॉलरही मिळवला नाही तर काय, हा हिशेब आधी जमवा. जमत नसेल तर स्वस्त देश, सरकारी शिष्यवृत्ती, नाहीतर दोन वर्षे इथे नोकरी आणि मग प्रवास.

अमरावतीचे विद्यापीठ ज्यांच्या नावाचे आहे ते गाडगेबाबा कीर्तनात सांगत, की भांडी मोडा पण पोरांना शिकवा. हे अर्धे सगळ्या दुकानदारांना पाठ आहे. कर्ज काढू नका, हेही त्याच कीर्तनात ते तितक्याच पोटतिडकीने सांगत. ते अर्धे कोणत्या पाटीवर लिहिलेले मी पाहिलेले नाही.

आता जे करण्यासारखे आहे ते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाबरोबर व्याज, आकार, हप्ता ह्यांचा एकपानी गोषवारा ऋणकोला समजेल अशा भाषेत देणे बँकेवर बंधनकारक आहे. म्हणजे मराठीत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, तो मागा. काउंटरवरचा मुलगा 'सिस्टीममध्ये इंग्रजीच निघतो' म्हणेल, मॅनेजरकडे जा. कर्जाचा गोषवारा मराठीत मिळतो, तर परवान्याचा का मिळू नये? तासाची मर्यादा, उमेदवारीची मुदत, बेकारीचे दिवस आणि नियम कोणत्या तारखेचा, एवढ्या चार ओळी. विद्यापीठाने एक कारकून बसवला तरी हे काम दर सहा महिन्यांनी होईल. बडनेऱ्याच्या आणि अकोल्याच्या इंजिनियरिंग कॉलेजांनी 'आमचे इतके विद्यार्थी परदेशी' असे फलक लावण्यापूर्वी त्यांतले किती आज कोणत्या परवान्यावर आहेत, हेही त्याच फलकावर लिहावे. २०२५ च्या एप्रिलात बेलोऱ्याहून मुंबईचे विमान सुरू झाले. मुलगा आता दारातूनच उडतो. त्याच्या खिशातला कागद निदान दारात वाचून होऊ द्या.

सरकार हे करीपर्यंत थांबायला आपल्याजवळ वेळ नाही. म्हणून दिवाळीच्या सुटीनंतर रविवारी सकाळी मी शाळेच्या व्हरांड्यात बसणार आहे. ज्याला फाईल वाचून हवी असेल त्याने यावे. फी नाही, चहाही नाही. येताना मुलाला बरोबर आणावे. आणि फाईल सबंध आणावी. विमानाच्या चित्राचे पान मी पाहिलेले आहे. बारीक अक्षरांची मागची पाने तेवढी विसरू नयेत.